पलीकडचा दोर

९ जानेवारी

मयुरीने नवी वही आणली. म्हणते, आजी, तू सांग, मी लिहिते. वाचनालयातल्या मुलामुलींनी डिचोलीच्या आळ्या वाटून घेतल्यात: कोणते घर कोणाचे, आधी तिथे काय होते, कोण राहून गेले. खालची आळी आमच्या मयुरीच्या वाट्याला आली आणि आळीबरोबर मीही.

मी म्हटले, मला अक्षर येत नाही, तू काय लिहितेस ते मला कसे कळणार? म्हणाली, विश्वास ठेव. नातीवर विश्वास ठेवायचा म्हणजे... असो. मी बोलते कोंकणीत, ती उतरवते मराठीत. वाटेत जे सांडेल ते सांडेल.

आज एवढेच. पेज निवते आहे.

११ जानेवारी

नाक्यावरून खाली यायला लागले की पहिले मोबाईलचे दुकान. तिथे कासाराची शाळ होती, समया ओतायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी जाग यायची ती त्यांच्या ठोकण्याने. सासूबाई म्हणायच्या, देवाच्या समया, म्हणून ऐकून घ्यायचे. देवाच्या नसत्या तर काय करणार होत्या कोण जाणे.

मग कायतान पदेराची पावाची भट्टी. त्याचे उंडे गरम असतानाच संपायचे. भट्टीच्या भिंतीला पाठ लावून आळीतले म्हातारे पावसाळाभर बसायचे, शेक मिळतो म्हणून. आता तिथे पैसे देणारे यंत्र आहे. दार उघडले की गार वारा येतो. म्हातारे कुठे गेले, विचारू नको.

पुढे शिंपल्यांच्या जनेलांचे, म्हणजे खिडक्यांचे, घर. पोर्तुगीज काळी कचेरीत लिहिणारा माणूस होता. नुस्ते, म्हणजे मासळी, आणायला बाजारात जायचा तोही कोट घालून. बांगडे हातात, बांगड्यांचे पाणी कोटावर. आता तिथे बायकांचे केस कापतात. जनेलांचे शिंपले काढून काच लावली. मयुरी म्हणते, उजेड जास्त येतो. येतो खरा.

मग आमचे घर. मग इंदूचे.

इंदूचे नंतर सांगेन.

१२ जानेवारी

आज सांगायचे नाही. मयुरी म्हणाली, मुख्य घर तेच राहिले. मी म्हटले, राहू दे. पळून जात नाही ते घर.

घर विकले गेलेय हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

१५ जानेवारी

सकाळी पलीकडे रहाट वाजला.

मी आमच्या बाजूला कळशी घासत होते. हात तिथेच थांबला. इंदूचा रहाट आधी किंचाळतो, मग कण्हतो. माझा नुसता कण्हतो. तोच आवाज. मयू, हे नीट लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारीच्या कानात काहीतरी बिघडले. विहीर एकच आहे. अर्धी आमच्या परसात, अर्धी इंदूच्या. मधून उंच भिंत, विहिरीच्या तोंडावरून कमान टाकून गेलेली. इकडच्या बाईला तिकडची दिसत नाही, पण खाली पाणी एक. बोलले की शब्द पाण्यावर पडतो आणि दुसऱ्या बाजूने वर निघतो. सगळा संसार आम्ही दोघींनी त्या विहिरीत बोलून केला. समोरासमोर बसून जे बोललो नाही तेही.

मी वाकून हाक मारली, इंदू?

पलीकडून आवाज आला, "कोण ता?"

इंदू नव्हे. भागी म्हणून कोणी आहे. दोडामार्गाकडची. नवरा खनिजाचा ट्रक चालवतो, सुर्ल्याच्या बाजूला. घर पाडेपर्यंत राखणीला म्हणून बिल्डरने त्यांना ठेवलेय.

"पानी बरा आसा गे आजये," ती म्हणाली.

बरे असणारच. तू काय आज भरलेस ते?

हे लिहू नको. लिहिलेस का? बरे, राहू दे.

२० जानेवारी

बिल्डरचा माणूस आला होता. शर्ट इस्त्रीचा, बोलणे त्याहून इस्त्रीचे. इंदूच्या जागी चार मजले येणार. खाली गाड्या ठेवायच्या, तर विहीर आड येते. अर्धी विहीर बुजवता येत नाही, म्हणून सगळी बुजवायची. आमच्या बाजूला बदल्यात नवी कुंपणभिंत, फरशी आणि नळाची टाकी.

रमाकांताला, म्हणजे माझ्या मुलाला, पसंत आहे. म्हणतो, आई, घरात नळ आहे, विहिरीचे पाणी पितो कोण?

मी पिते.

पण आमच्या गोव्यात नवऱ्याच्या घरात बायकोचे अर्धे. हे जाऊन वर्षे झाली तरी अर्धे घर माझे आहे, त्यामुळे माझ्या अंगठ्यावाचून त्यांचे अडते. आयुष्यभर कोणी विचारले नाही, वांग्याची भाजी करू की भेंडीची, आणि आता सगळे माझ्या अंगठ्याकडे बघतात. मी चहा दिला, अंगठा दिला नाही. म्हटले, इंदूला विचारते.

"पण त्यांनी विकलेय," तो म्हणाला.

घर विकले. विहिरीबद्दल आमचे बोलणे व्हायचे आहे.

२२ जानेवारी

मयुरी विचारते, विहीर एक आणि भिंत मध्येच कशी? तर लिही. आधी विहीर, मग भिंत. आमचे आजेसासरे आणि इंदूचे आजेसासरे, दोघांनी मिळून खणली. मग एका फणसावरून भांडले. फणस मेरेवर, दोन परसांच्या हद्दीवर, फांद्या दोन्हीकडे. फणस कोणाचा हे ठरेना, म्हणून भिंत घातली. मोठी माणसे.

गवंडी कमान बांधत होता तेव्हा दोघांच्या बायकांनी त्याला गुपचूप सांगून भिंतीत एक दगडी पन्हळ बसवून घेतली, हातभर लांब, कमरेच्या उंचीला. इकडून ओतले की तिकडे पडते, तिकडून ओतले की इकडे. पुरुषांना सांगितले, पावसाचे पाणी जायला. त्यांनी मान डोलावली.

पन्हळ होती सुतकासाठी. ज्या घरात कोणी गेले त्या घराने सुतक फिटेपर्यंत आपला दोर विहिरीत टाकायचा नाही. पाणी एकच ना, विटाळ दोन्हीकडे जाईल. म्हणून दुसरीने काढायचे आणि पन्हळीतून ओतायचे. जिच्याकडे सुतक तिने खाली कळशी धरायची, विहिरीत शब्द टाकायचा नाही. दिवस फिटले की ती आपला दोर सोडते आणि हाक मारते, सुटले गे. हे कोणी सांगायला येत नाही, निरोप लागत नाही. सकाळी पलीकडचा दोर वाजला नाही की समजायचे आणि दुसरी कळशी भरायची.

हे गेले तेव्हा इंदूने पाणी घातले. तिची सासू गेली तेव्हा मी.

मयुरी लिहायची थांबली. म्हणाली, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी म्हटले, तुझ्या बापाला तरी कुठे माहीत आहे?

२९ जानेवारी

सुरेशचा फोन. सुरेश म्हणजे इंदूचा मुलगा, पर्वरीला फ्लॅटमध्ये असतो. गेल्या चवथीनंतर मी आमोण्याला लेकीकडे गेले होते, शेताची कापणी होती, राहिले थोडे दिवस. परत येते तर इंदूच्या दाराला कुलूप. सुरेश येऊन तिला घेऊन गेला. एकटीला ठेवणे बरे नव्हते, तो म्हणाला. बरे नव्हतेच. गॅसवर भांडे विसरायची.

मी म्हटले, इंदूला दे. तिने कानाला लावला आणि विचारले, कोण? मी म्हटले, शेवंती. तिने परत विचारले, कोण? मग फोनच ठेवून दिला. यंत्रातून माझा आवाज तिला माझा वाटत नाही. मलाही तिचा वाटला नाही.

सुरेश म्हणतो, आई आता रोज सकाळी बाल्दी भरते आणि बाल्कांवातून, गॅलरीतून, शेजारच्या बाजूला ओतते. त्यांचे कपडे वाळत असतात. एकदा त्यांचे बाळही होते.

मी हसले. तोही हसला, पण उशिरा.

६ फेब्रुवारी

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. रमाकांताला मिरच्या आणि सुकी सुंगटे घ्यायची होती, मी म्हटले मीही येते. येताना पर्वरी केली. लिफ्टने गेलो. लिफ्टमध्ये मी डोळे मिटले, मयुरीने हात धरला. हे तिने स्वतःहून लिहिलेय.

इंदू कदेलावर, खुर्चीवर, बसली होती. साडी नीट, वेणी नीट. सून चांगली आहे. माझ्याकडे बघून हसली, जशी पाहुण्याला बघून हसतात. चहा घ्या म्हणाली. मला, चहा घ्या.

मी नाव सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात तीच म्हणाली, बसले असते तुमच्याजवळ, पण वेळ ना. शेजारणीकडे सुतक आहे. मी म्हटले, कोणत्या शेजारणीकडे? तर म्हणाली, आमची शेवंत. कितीतरी दिवस तिचा दोर वाजत नाही.

चहा माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"कोण गेले त्यांच्याकडे?" मी विचारले.

"कोणी सांगत ना गे. मला वाटते तीच गेली."

"शेवंत?"

"तीच. नाहीतर इतके दिवस गप्प बसणारी नव्हे ती."

मी विचारले, कशी होती? इंदूने थोडा विचार केला. "तोंडाळ," ती म्हणाली, "पण दोर एका दमात ओढायची." आणि उठली. बाल्दी भरायची होती.

मयुरी बाहेर जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. मी चहा संपवला. थंड झाला होता, पण तिने घ्या म्हटले होते.

७ फेब्रुवारी

काही नाही.

१० फेब्रुवारी

आळीचे पुढचे लिहायचे, मयुरी म्हणते. शिंप्याचे घर राहिले, भजनाची खोली राहिली, सोनाराच्या घरी कोण कोण भाड्याने राहिले ते राहिले. लिही: शिंपी चांगला होता. भजन बेसूर होते. भाडेकरू गेले.

नीट सांग, म्हणाली.

काय नीट सांगू? घरे मला पाठ आहेत. मी डोळे मिटून नाक्यापासून चालले तरी हात कुठल्या भिंतीला लागला ते सांगेन. पण घरांच्या आतली माणसे कशी होती, हे सांगणारी एकच होती. आळीत मी आले तेव्हा कशी होते, हे माझ्याशिवाय फक्त इंदूला ठाऊक. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझी कळशी विहिरीत पडली, मी रडत बसले, सासूबाईंच्या भीतीने. पलीकडून कोणी तरी म्हणाले, रडू नको, माझीही पडलेली, गळ टाकते. मी तिचे तोंड पाहण्याआधी तिचा आवाज पाहिला.

आवाज पाहिला म्हटले तर मयुरी म्हणते, ऐकला. नाही गे. पाहिला. तसेच ठेव.

१४ फेब्रुवारी

सुरेशचा परत फोन. शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली. तो सकाळी नळ बंद करून कामाला जातो, तर ती पिण्याच्या बाटल्या ओतते. दिवसभर कोण बघणार, सून शाळेत शिकवते. म्हाताऱ्या माणसांना ठेवतात असे एक घर त्याने बघून ठेवलेय. चांगले आहे म्हणतो, बाग आहे. वाईट वाटून बोलत होता. त्याच्यावर राग धरता येत नाही, हीच अडचण.

मी त्याला सांगितले, ती वेडेपणा करत नाही. माझ्याकडे सुतक आहे असे तिला वाटते आणि ती माझे पाणी घालते. पन्हळीचे सगळे सांगितले.

तो म्हणाला, मावशे, मला वाटायचे ती पन्हळ पावसाच्या पाण्यासाठी.

तुझ्या पणजोबांनाही तसेच वाटायचे, मी म्हटले.

१८ फेब्रुवारी

मयुरीला सुचले. म्हणाली, तुझा दोर तिला ऐकायला हवा ना? फोनमध्ये भरून घेते. मग मी दोर सोडला, ओढला, कळशी काठावर आपटली, जशी रोज आपटते. हाकही मारली, सुटले गे इंदू. भागी पलीकडून विचारते, "काय सुटला गे आजये?" तेही भरले गेले. परत करायला लावले. सिनेमातल्या बायका हे रोज कसे करतात.

सुरेशला पाठवले.

२० फेब्रुवारी

उलटेच झाले. रहाट ऐकून इंदू उठली आणि विहीर शोधायला लागली. न्हाणीत बघितले, कपाटामागे बघितले. मग दार उघडून जिना उतरायला लागली. सुरेशने धरून आणले. त्याने हात जोडले म्हणे, फोनवर कसे दिसणार, पण तो म्हणाला की जोडले. परत पाठवू नका.

फोनमधला आवाज तोच होता, पण पाणी नव्हते ना त्यात. पाण्यावरून आला तरच तो आवाज.

मी म्हटले, मग तिला इकडे आण. एकदा. ती तिच्या बाजूला उभी राहील, मी माझ्या. मी दोर सोडते, हाक मारते. सुतक फिटले हे तिला कळले की ओतायची थांबेल.

आणि नाही थांबली तर? तो म्हणाला.

मग तुझी बाग आहेच.

बघतो म्हणाला.

५ मार्च

शिगम्याचा मेळ आळीत येऊन गेला. ढोल दारोदार थांबतो तसा इंदूच्या दारातही थांबला. आमच्या घरून नारळ न्यायला मी उठत होते, तोवर भागीने आपला पुढे केला. डोक्यावर पदर, पोर कडेवर. मेळाच्या लोकांनी घराला आशीर्वाद दिला. राहणारी माणसे दोन महिन्यांची पाहुणी, घर दोन महिन्यांचे, पण आशीर्वादात त्यांनी काही कमी केले नाही.

ट्रक परत जोरात सुरू झालेत. तुळशीवर लाल धूळ. मध्ये खाणी बंद होत्या तेव्हा आळी कशी धुतल्यासारखी दिसायची, आणि दर घरात एक माणूस बिनकामाचा बसलेला. आता धूळ आहे आणि भागीच्या घरात पगार आहे. काय मागावे कळत नाही.

१४ मार्च

बिल्डरच्या लोकांनी फणस तोडला. ज्याच्यावरून भिंत आली तो. सकाळी करवतीचा आवाज, दुपारी आकाश. आमच्या स्वयंपाकघरात कधी नव्हे एवढा उजेड आला. मयुरीची आई म्हणाली, बरे झाले, आता दिवसा दिवा नको. खरेच आहे.

कुयऱ्या, कोवळे फणस, धरल्या होत्या झाडाला. भागीने त्यांची भाजी केली आणि पन्हळीपाशी येऊन हाक मारली, वाटी घे म्हणून. पन्हळीतून वाटी येत नाही. ती वळसा घालून पुढच्या दाराने आली. भाजी बरी होती, खोबरे कमी.

बिल्डरचा माणूस म्हणतो, पावसाआधी विहिरीचे आटपायला हवे. रमाकांत माझ्याकडे नुसता बघतो. लहानपणी लाडू हवा असला की असाच बघायचा.

२२ मार्च

सुरेश येत्या रविवारी इंदूला घेऊन येतो.

मयुरीने दोनदा सांगितले तरी मी परत विचारले. मग दुपारी विहिरीपाशी बसले. पन्हळीत शेवाळ झालेय, ते काढले.

आणि एक मनात आले. सांगू का नको, तरी लिही. इंदूला सुरेशचे नाव कधी आठवते, कधी नाही. नवऱ्याचे आठवत नाही. मी समोर बसले तर मी कोण ते कळत नाही. पण रोज सकाळी उठून ती माझे पाणी घालते. तिच्या डोक्यात माझ्यासाठी जेवढी जागा उरलीय ती एका बाल्दीएवढी. रविवारी मी दोर सोडला, हाक मारली, की सुतक फिटले. मग ती बाल्दी ठेवून देईल. मग सकाळी उठून ती कोणाची आठवण काढेल?

न सोडावा, तर तिला त्या बागेच्या घरात नेऊन ठेवतील.

मयुरीने विचारले, काय करणार? मी म्हटले, तू लिहायचे काम कर.

२९ मार्च

आली.

गाडीतून उतरली आणि आळीकडे बघत राहिली, जशी परक्या गावची बाई बघते. नाक्यावरून खालपर्यंत. काय वेगळे आहे ते कळत नसावे, पण काहीतरी वेगळे आहे हे कळत असावे. मी ओट्यावर उभी होते. मला म्हणाली, नमस्कार. सुरेशने मान खाली घातली.

भागीने तिला हात धरून मागे परसात नेले. सुरेश, मयुरी तिच्या बाजूला. मी एकटी माझ्या बाजूला. पुढचे मयुरीने तिकडून ऐकले, मी इकडून. दोन्ही जुळवून लिहिते आहे ती.

आधी काही नाही. मग तिचा रहाट. किंचाळला, कण्हला. दोर खाली गेला, पाण्याला कळशी लागली. भागी मदतीला गेली तर इंदूने तिचा हात झटकला. एका दमात नाही, थांबत थांबत, पण तिनेच ओढले.

मग पन्हळीतून पाणी आले.

मी कळशी धरली होती. पाणी आले ते आधी उरल्यासुरल्या शेवाळाचे, मग स्वच्छ. ती ओतत होती आणि कोणालाच कोणी काही बोलत नव्हते, जसे सुतकात असते. माझी कळशी भरली. वाहायला लागली. पायावर पडत होते. मला वाटत होते, ओतू दे. आणखी एक कळशी ओतू दे. मग तिच्या दमण्याचा आवाज आला, भिंतीपलीकडून, आणि ती परत दोर सोडायला वळली हे मला ऐकू आले.

मी माझा दोर सोडला.

रहाट कण्हला. कळशी पाण्यावर आपटली. मी वाकून हाक मारली. "सुटले गे, इंदू."

पलीकडे सगळे थांबले.

"शेवंते?"

फोनवर नव्हे, कदेलावर नव्हे, त्या पाण्यावरून आले ते. माझे नाव. मयुरी म्हणते इंदूआजी वाकून विहिरीत बघत होती आणि भागीने तिची कंबर धरली होती.

"मी गे."

"मला वाटले तूच गेलीस."

"मी गेले असते तर तुला सांगून गेले असते."

मी तसे बोलायला नको होते काय, कोण जाणे. तोंडाळ, तिनेच म्हटलेय.

"मग कोण गेले?" तिने विचारले.

"कोणी ना. दोर तुटलेला. नवा आणला."

"इतके दिवस लागतात दोर आणायला?" ती म्हणाली. मी हसले आणि ती हसली, आणि दोन्ही हसू खाली एकच झाले, पूर्वीसारखे.

मग ती म्हणाली, "शेवंते, माझा दोर आता वाजणार नाही गे. तू घाल."

एवढेच. पुढच्या दाराने बाहेर आली तेव्हा मी ओट्यावर गेले. तिने माझ्याकडे बघितले, हसली. सुरेशला म्हणाली, बरी आहेत माणसे इथली, पाणीही बरे आहे. आणि मला हात जोडून गाडीत बसली.

३० मार्च

सकाळी सुरेशचा फोन. इंदू उठली, चहा घेतला, खिडकीपाशी बसली. बाल्दीकडे गेली नाही. शेजाऱ्यांचे कपडे कोरडे. तो रडत होता की हसत, मयुरीलाही सांगता येत नाही. बागेच्या घराचे तूर्त राहू दे म्हणतो.

मला काय वाटले ते लिहायचे नाही.

उठले आणि माझी कळशी भरली. दुसरी कळशी भरली. ती पन्हळीतून पलीकडे घातली. इंदूने सांगितलेय ना, तू घाल. पलीकडे भागीने हंडा धरला. ती विचारत होती, "आजये, माज्याकडे दोर आसा मगे, तू कित्याक?" मी काही बोलले नाही. सुतकात बोलत नाहीत. तिने दोनदा विचारले, मग तीही गप्प राहिली आणि हंडा सरळ केला. शिकेल.

दुपारी बिल्डरचा माणूस आला. शाईचा डबा घेऊनच. रमाकांत कदेल सरकवून बसला, मयुरीची आई चहा ठेवायला गेली. मी म्हटले, आज जमायचे नाही. शेजारी सुतक आहे, सुतकात मी अंगठा देत नाही.

त्याने रमाकांताकडे बघितले, रमाकांताने छपराकडे. शेजारी कोण वारले, त्याने विचारले. मी म्हटले, घर. तो हसला, मग मी हसत नाही हे बघून थांबला.

"किती दिवसांचे सुतक, आजी?"

मी म्हटले, ते माझ्या हातात नाही. पलीकडून दोर वाजला आणि हाक आली की फिटते.

त्याने डब्याचे झाकण लावले. म्हणाला, पुढच्या सोमवारी येतो.

ये. चहा देईन.